पास द्यायला वेळ लावतात, परत घ्यायला अजिबात नाही: आमच्या विमानतळाच्या पास सेक्शनचा रिव्ह्यू

चार स्टार. पाचवा का कापला ते पुढे लिहिते, पण आधी सांगते की हा रिव्ह्यू विमानाने जाणाऱ्या पॅसेंजर लोकांसाठी नाहीये, त्यांना हे ऑफिस कधी दिसतसुद्धा नाही. ज्यांना विमानतळावर कामाला लागायचंय किंवा ज्यांच्या गळ्यात कंपनीने "पासचं तू बघ" हे घोंगडं अडकवलंय त्यांच्यासाठी आहे. मी फॅसिलिटीचं काम घेणाऱ्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे ॲडमिनला आहे, आमची हाउसकीपिंगची मंडळी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, एसीवाले असे बरेच जण टर्मिनलमध्ये असतात आणि त्या प्रत्येकाचा एअरपोर्ट एंट्री परमिट, म्हणजे एईपी, म्हणजे आम्ही सगळे नुसतं पास म्हणतो तो, काढणं, रिन्यू करणं, हरवला तर पळापळ करणं आणि माणूस सोडून गेला की नेऊन जमा करणं, सगळं माझ्याकडे. विमानतळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण मला तिथेच रोज तोंड दाखवायचंय. महाराष्ट्रातलं आहे एवढं पुरे.

आत्ताच का लिहितेय तर ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं तेव्हापासून पनवेल-उलव्याकडच्या नातेवाइकांचे फोन काही थांबत नाहीयेत. मुलाला एअरपोर्टला लावायचंय, पास कसा निघतो, कोणाला सांगून होतं का, किती द्यावे लागतात. तर कोणाला सांगून होत नाही आणि कोणी पैसे मागितले तर तो तुम्हाला फसवतोय हे नक्की समजा, कारण एकट्या माणसाला पास मिळतच नाही. पास मिळतो कंपनीमार्फत. आधी कंपनीला बीसीएएस या विमान सुरक्षेच्या सरकारी खात्याचा सिक्युरिटी क्लिअरन्स लागतो, मग कंपनीने नेमलेला सही करणारा माणूस तुमचा अर्ज पुढे पाठवतो, मग पोलीस व्हेरिफिकेशन, मग सिक्युरिटीचं ट्रेनिंग, मग फोटो आणि बोटांचे ठसे. तुमचा मामा तिथे कितीही मोठ्या पोस्टवर असला तरी रस्ता हाच.

बीसीएएस म्हणजे ब्युरो ऑफ सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटी. पहिल्यांदा जाणाऱ्यांचा इथे नेहमी गोंधळ होतो कारण तीन वेगवेगळी माणसं दिसतात आणि कोण कोणाचं तेच कळत नाही. नियम बीसीएएसचे, पास सेक्शनचं काउंटर विमानतळ चालवणाऱ्यांचं, आणि गेटवर उभा राहून पास बघणारा जवान सीआयएसएफचा, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा. त्यामुळे काउंटरवर जाऊन गेटवरच्या जवानाची तक्रार करण्यात काही अर्थ नाही आणि गेटवर जाऊन "माझा अर्ज का अडकला" विचारण्यात तर त्याहून नाही, तो बिचारा "पास दिखाइए" एवढंच म्हणणार.

आता ऑफिसबद्दल. कार्गोच्या रस्त्याला, टर्मिनलपासून लांब, बाहेरून बघितलं तर गोडाऊन वाटेल. आत एसी चांगला आहे, खुर्च्या बऱ्या, पाण्याचा कूलर आहे, टोकनचं मशीन आहे आणि ते चक्क चालतं. झेरॉक्सची सोय आत नाही, बाहेरच्या टपरीवाल्याला हे माहीत आहे आणि त्याचे दर बघून ते लगेच कळतं. काउंटरवरची मुलं तरुण आहेत, नवीन मुलगा असेल तर थोडा घाबरून प्रत्येक कागद दोनदा बघतो. खरी गोष्ट आहे ती मागे काचेच्या केबिनमध्ये बसणाऱ्या सुपरवायझर मॅडमची, आणि मॅडम तशा केबिनमध्ये फार बसतही नाहीत, सारख्या काउंटरांच्या मागून फिरत असतात.

आधीचे जे होते ते माणूस म्हणून गोड होते, चहा विचारायचे, पण त्यांच्या वेळी कोणाचा अर्ज कुठे अडकलाय ते देवालाच माहीत. मॅडम आल्यापासून चहा बंद झाला आणि अर्ज कुठे आहे ते कळायला लागलं. कंपनीचा कागद कमी असेल तर पहिल्याच दिवशी कळवतात, आणि अमुक कागद कमी आहे असं स्पष्ट लिहून, "इन्कम्प्लीट" असा शिक्का मारून सोडून देत नाहीत. हे ज्यांनी सरकारी-निमसरकारी काउंटरवर आयुष्य घालवलंय त्यांना कळेल केवढं मोठं आहे ते.

सगळ्यात जास्त अर्ज कशात अडकतात माहितीये का, नावात. आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, पॅनवर तिसरं. आपल्याकडे कधी आडनाव आधी, कधी शेवटी, वडिलांचं नाव कधी पूर्ण तर कधी नुसतं एक अक्षर, आणि बायकांचं तर विचारूच नका, दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि काही जणींचं लग्नात पहिलं नावसुद्धा बदललेलं. आमच्या हाउसकीपिंगमधल्या एका मावशींच्या चार कागदांवर तीन बायका होत्या अक्षरशः. कॉम्प्युटरला तिघी वेगळ्या, आणि पोलीस व्हेरिफिकेशन नेमकं कुठल्या नावाचं आलं हे सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचं आहेच ना, कारण पडताळणी एकीची आणि पास दुसरीला असं व्हायला नको. आधी अशा केसमध्ये अर्ज परत यायचा आणि मावशी रडत घरी. मॅडमनी काय केलं तर दारावर मोठ्या अक्षरात मराठीत कागद लावला, नाव वेगळं असेल तर लग्नाचं सर्टिफिकेट किंवा गॅझेट आणा, आधी आधार दुरुस्त करा, मगच अर्ज भरा, आणि अर्ज भरायच्या आधी नुसती नावं जुळतात का ते बघायला एक मुलगा वेगळा बसवला. साधी गोष्ट. पण त्या एका खुर्चीमुळे आमचे परत येणारे अर्ज जवळजवळ थांबलेच.

दुसरं म्हणजे बोटांचे ठसे. पास बायोमेट्रिक असतो, आणि ज्या बाईने आयुष्यभर फिनाइल आणि ॲसिडमध्ये हात घातलेत तिच्या बोटांवर रेषा राहतात कुठे. प्लंबरचं तेच, गवंडीकाम करून आलेल्यांचं तर विचारायलाच नको. मशीन लाल दिवा दाखवतं आणि माणूस उगाच गुन्हेगारासारखा ओशाळतो. इथे मॅडम स्वतः येतात, ओला टिश्यू देतात, हात पुसा काकू, कोरडे झालेत, आता जरा दाबून ठेवा, नाही आलं तर दुसरं बोट घेऊ. एकदा माझ्यासमोर एका काकांना म्हणाल्या, "दादा, तुमचा दोष नाहीये, मशीनला कष्टाचे हात वाचता येत नाहीत," आणि ते काका इतके खूश झाले की घरी जाऊन बायकोला सांगितलं असेल नक्की. मला उगाच गोड बोलणारी माणसं आवडत नाहीत, पण हे गोड बोलणं नव्हतं, कारण त्याच मॅडमनी दहा मिनिटांनी एका मोठ्या कंपनीच्या मॅनेजरला सगळ्यांसमोर उभं केलं होतं.

ती गोष्ट अशी. पासवर अक्षरं असतात, कुठल्या भागात जायची परवानगी आहे त्याची. ए म्हणजे अरायव्हल, डी म्हणजे डिपार्चर, पी म्हणजे विमानं उभी असतात तो एप्रन, सी म्हणजे कार्गो, अशी. आता आपल्या लोकांना अक्षरं जास्त म्हणजे माणूस मोठा असं वाटतं, त्यामुळे प्रत्येक कंपनीचा साहेब म्हणतो माझ्या पासवर सगळी टाका. त्या मॅनेजरने आपल्या डायरेक्टरसाठी सगळी अक्षरं मागितली होती, काम काय तर सरकते जिने मेंटेन करणं. मॅडमनी फॉर्म वाचला आणि शांतपणे विचारलं, "तुमचे डायरेक्टर जिना कुठे दुरुस्त करणार आहेत, एप्रनवर?" रांगेतले सगळे हसले. शेवटी एक-दोन अक्षरांवर प्रकरण मिटलं. प्रत्येक अक्षरापुढे काम काय ते एक ओळ लिहून मागतात, आणि "ऑपरेशनल रिक्वायरमेंट" असं लिहिलं तर खोडून परत देतात. मला आधी हा छळ वाटायचा. पण विचार करा, ज्याला जिथे काम नाही तिथे तो गेला नाही तर त्याचं काही बिघडत नाही, आणि गेला तर मात्र त्याच्यावर नजर ठेवायला आणखी एक माणूस लागतो.

हे सगळं कशासाठी याचं उत्तर त्या सिक्युरिटीच्या ट्रेनिंगमध्ये मिळतं, ते पास मिळण्याआधी करावंच लागतं आणि बहुतेक पोरं तिथे झोपा काढतात. झोपू नका हो. आमच्या वेळी शिकवणाऱ्या सरांनी पॅन ॲमचं ७३ नंबरचं विमान सांगितलं होतं, ५ सप्टेंबर १९८६, मुंबईहून निघालेलं, कराचीत थांबलेलं आणि तिथे अतिरेक्यांनी ताब्यात घेतलेलं. आपल्याला त्या विमानातली हवाईसुंदरी नीरजा भनोत माहीत असते, तिचं अशोकचक्र माहीत असतं, पण ते अतिरेकी विमानापर्यंत पोचले कसे हे कोणी सांगत नाही. ते विमानतळाच्या सुरक्षारक्षकांचे कपडे घालून, सुरक्षेच्या गाडीसारखी दिसणारी गाडी घेऊन सरळ विमानाच्या शिडीपर्यंत गेले. कपडे आणि गाडी बघून कोणी अडवलं नाही. वर्गात सगळे जागे झाले तेव्हा. सर म्हणाले, युनिफॉर्म शिंप्याकडे मिळतो, म्हणून पास छातीवर दिसेल असा लावायचा आणि ज्याचा दिसत नाही त्याला विचारायचं, तो कोणीही असो.

त्याच्या आदल्या वर्षी, २३ जून १९८५ ला एअर इंडियाच्या कनिष्क विमानात बॉम्बस्फोट झाला, ३२९ माणसं गेली, आणि त्यानंतर १ एप्रिल १९८७ ला बीसीएएस हे स्वतंत्र खातं झालं, त्याआधी ते डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, आत एक विभाग होतं. सीआयएसएफ विमानतळांवर आलं तेही असंच, डिसेंबर १९९९ मध्ये आयसी ८१४ हे विमान अपहरण करून कंदाहारला नेलं गेलं आणि मग फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून सुरुवात झाली. प्रत्येक नियमाच्या मागे कुठलं तरी विमान आहे असं ते सर म्हणाले होते आणि मला वाटतं ते खरंच आहे.

पण मी हा रिव्ह्यू लिहायला बसले ते पास देण्यासाठी नाही, परत घेण्यासाठी. पास द्यायचं काम कोणीही करेल, कागद पूर्ण असले की मशीन छापतं. ऑफिस चांगलं की वाईट हे दिलेला पास परत येतो की नाही यावर कळतं, आणि आमच्या लाइनमध्ये याकडे कोणीच बघत नाही. हाउसकीपिंगमध्ये माणसं सतत येतात-जातात, कोणी गावाला जातो तो परत येतच नाही, कोणाला पाचशे रुपये जास्त मिळाले की दुसरीकडे, कोणाचं सुपरवायझरशी भांडण झालं की दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. आणि पास? पास त्याच्या खिशात, नाहीतर घरी देव्हाऱ्यामागे, नाहीतर मुलीने खेळायला घेतलाय. तारीख संपली नाही तोवर तो जिवंत पास आहे.

मॅडम दर महिन्याला प्रत्येक कंपनीला यादी पाठवतात, तुमच्या नावावर चालू असलेले सगळे पास. प्रत्येक नावापुढे लिहायचं, कामावर आहे, रजेवर आहे, सोडून गेला. सोडून गेला लिहिलं की पास कुठे आहे ते लिहायचं. वरती सही कंपनीच्या अधिकृत माणसाची, म्हणजे आमच्याकडे माझी आणि माझ्या साहेबांची. पहिल्या महिन्यात अर्ध्या कंपन्यांनी यादी परतच पाठवली नाही, तर मॅडमनी त्या कंपन्यांचे नवे अर्ज घेणं थांबवलं. ओरडा झाला, वरपर्यंत फोन गेले. त्यांनी एवढंच सांगितलं म्हणे की ज्या कंपनीला आपली जुनी माणसं कुठे आहेत ते माहीत नाही तिची नवी माणसं मी आत कशी सोडू. दुसऱ्या महिन्यात सगळ्या याद्या वेळेत.

आता आमच्या कंपनीत नियम झालाय की पास जमा केल्याची पावती आल्याशिवाय फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशोब, होत नाही. हे चांगलं झालं पण यात एक गोम आहे, काही कॉन्ट्रॅक्टर याचा फायदा घेऊन गरीब माणसाचा पगारच अडकवून ठेवतात, पास त्याने देऊन टाकलेला असतो आणि पावती मुद्दाम काढत नाहीत. म्हणून सोडून जाणाऱ्यांना माझा सल्ला, पास सुपरवायझरच्या हातात देऊ नका, स्वतः पास सेक्शनला जा, स्वतः जमा करा आणि पावतीचा फोटो काढून ठेवा. मॅडमच्या काउंटरवर पास जमा करायला वेगळी खिडकी आहे, टोकन लागत नाही, दोन मिनिटांत पावती, आणि तुमच्यासमोर पासला भोक पाडून रजिस्टरला नोंद. जमा करायला आलेल्या माणसाला कधीच ताटकळत ठेवत नाहीत. पास मागायला येणारा थांबेल, कारण त्याला गरज आहे, पण परत द्यायला आलेला कंटाळून घरी गेला तर तो पुन्हा येणार नाही. हे ज्या बाईला कळलं तिला तिचं काम कळलंय.

एकदा वाट बघत बसले होते तेव्हा त्यांनीच मला १९८७ सालची अमेरिकेतली गोष्ट सांगितली. लॉस एंजेलिसहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं पीएसएचं १७७१ नंबरचं विमान, ७ डिसेंबर. पीएसए ही एअरलाइन विकत घेतलेल्या यूएसएअरने कामावरून काढलेला एक माणूस त्याच विमानात चढला, पिस्तूल घेऊन, कारण काढून टाकल्यावरही त्याचं ओळखपत्र त्याच्याकडेच राहिलं होतं आणि ते दाखवून तो तपासणी टाळून आत गेला. त्याला काढणारा मॅनेजर त्याच विमानात होता. ४३ जण गेले, एकही वाचला नाही. मॅडम म्हणाल्या, नोकरी काढून घेतली आणि कार्ड राहू दिलं, एवढीच चूक. मी त्या दिवशी ऑफिसला येऊन आमच्या जुन्या माणसांना फोन लावत बसले.

अर्थात पास परत घेऊन सगळं सुटतं असं नाही, तेही लिहायला हवं. ऑगस्ट २०१८ मध्ये सिएटलच्या विमानतळावर हॉरायझन एअरच्या एका ग्राउंड स्टाफने रिकामं विमान उडवून नेलं आणि पाडलं, त्यात तो स्वतः गेला. त्याचा पास व्यवस्थित होता, पडताळणी झालेली होती, तिथे जायची परवानगीही होती. कुठलंही पास ऑफिस अशा माणसाच्या मनात काय चाललंय ते छापू शकत नाही. म्हणून माझा त्या लोकांवर विश्वास नाही जे म्हणतात नवीन सिस्टिम आली, चेहरा स्कॅन होणार, आता काळजी नाही.

आतल्या कारभाराचं जेवढं काचेतून दिसतं तेवढं लिहिते. कोरी कार्डं कपाटात कुलपात, सकाळी दोघांनी मिळून मोजायची, संध्याकाळी परत, छापताना बिघडलेलं कार्ड कचऱ्यात नाही तर मोजणीत धरायचं. हरवलेल्या पासाची पोलीस तक्रार आणली की नंबर तिथल्या तिथे बंद होतो आणि यादी गेटवर जाते, दुसरा पास मात्र लगेच मिळत नाही, दंड भरावा लागतो आणि का हरवला ते लिहून द्यावं लागतं. आणि पासचा गैरवापर केला तर मग काहीच दयामाया नाही. आमच्या ओळखीतला दुसऱ्या कंपनीतला एक मुलगा, ड्युटी नसताना पास लावून आत्याला दुबईच्या विमानाला सोडायला थेट आतपर्यंत गेला, बॅगा उचलायला हो, वाईट काही नाही. गेटवर जवानाने विचारलं ड्युटी कुठली, तो आत्याकडे बघायला लागला. पास तिथेच काढून घेतला. आत्या दुबईला पोचली, मुलगा अजून दुसरी नोकरी शोधतोय.

आता पाचवा स्टार. हा मॅडमचा एकटीचा दोष नाही पण त्यांच्या खिडकीवरच तो दिसतो म्हणून इथेच लिहिणार. कॉन्ट्रॅक्ट बदललं की काय होतं ते बाहेरच्यांना माहीत नसतं. समजा टॉयलेट साफ करायचं काम एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे गेलं. बाई तीच, मोप तोच, टॉयलेट तेच, नुसता ड्रेसचा रंग बदलला. पण पास कंपनीच्या नावावर असतो त्यामुळे जुना जमा, नवा अर्ज, पुन्हा व्हेरिफिकेशन, पुन्हा रांग. मधल्या काळात तात्पुरता पास मिळाला तर मिळाला, त्याच्याबरोबर पक्का पासवाला माणूस सतत सोबत लागतो, म्हणजे एका बाईवर नजर ठेवायला दुसरी बाई, आणि असे पास मोजकेच देतात. बाकीच्या घरी बसतात, बिनपगारी. ज्या बाईची पडताळणी गेल्याच वर्षी झाली ती महिन्याभरात संशयित कशी होते हे मला कोणी समजावून सांगेल का? त्यातून मूळ गाव बीड नाहीतर बिहार असेल तर तिथल्या पोलीस स्टेशनचा कागद यायला लागेल तेवढा वेळ. ज्या माणसाचा दिवस भरला तरच पैसे त्याच्या अंगावर हा सगळा उशीर पडतो, ना विमानतळावर पडतो, ना कंपनीवर, ना पास सेक्शनवर.

पास कंपनीवर किती अवलंबून असतो हे मे २०२५ मध्ये सगळ्यांनीच बघितलं. १५ मेला बीसीएएसने सेलेबी या तुर्की ग्राउंड हँडलिंग कंपनीचा सिक्युरिटी क्लिअरन्स राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन रद्द केला, देशातल्या ९ विमानतळांवर त्यांचं काम होतं, त्यात मुंबई आणि गोव्यातलं मोपासुद्धा. निर्णय बरोबर की चूक यात मी पडत नाही, कंपनी कोर्टात गेली आणि जुलैमध्ये दिल्ली हायकोर्टाने याचिका फेटाळलीही. पण त्यातली हजारो माणसं आपल्याकडचीच होती, बॅगा चढवणारी, विमान ढकलणारी पोरं, त्यांचं स्वतःचं काही बिघडलं नव्हतं, वरचा कागद गेला आणि खालचे पास गेले. त्यांना दुसऱ्या कंपन्यांमध्ये सामावून घ्यायचं ठरलं तेव्हा पहिला प्रश्न पासचाच आला असणार हे सांगायला मला बातमी वाचायची गरज नाही.

मी मॅडमना एकदा हे बोलले. म्हटलं, माणसाची पडताळणी माणसाबरोबर जाऊ दे ना, कंपनी बदलली तर फक्त कंपनीचं नाव बदला. त्या म्हणाल्या, "ताई, मला पटतंय, पण नियम मी लिहीत नाही, मी पाळते. तुम्ही कॉन्ट्रॅक्ट संपायच्या दीड महिना आधी नव्या कंपनीकडून अर्ज टाकायला लावा, मी जुना पास जमा व्हायच्या आधीच बाकी सगळं करून ठेवते, मग तो जमा केला की त्याच दिवशी नवा." आणि खरंच केलं त्यांनी, गेल्या वेळी आमच्याकडून दुसरीकडे गेलेल्या बायकांपैकी ज्यांचे अर्ज वेळेत आले त्यांचा एकही दिवस बुडाला नाही. ज्यांच्या नव्या कंपनीने आळस केला त्यांचे बुडाले. पण हे एका बाईच्या मर्जीवर का असावं, उद्या त्यांची बदली झाली आणि परत चहा विचारणारे साहेब आले तर? म्हणून स्टार कापला, आणि तो नियम बदलेपर्यंत परत मिळणार नाही.

अजून दोन-तीन छोट्या तक्रारी. सर्व्हर डाऊन असतो तेव्हा बाहेर बोर्ड लावा, तासभर बसवून मग सांगू नका. ट्रेनिंगचं पुस्तक इंग्रजी आणि हिंदीत आहे, आमच्या निम्म्या बायकांना मराठीच वाचता येतं आणि काहींना तेही नाही, त्यांच्यासाठी चित्रांचा तक्ता करायला काय हरकत आहे. आणि बाळ घेऊन आलेल्या बाईला बसायला एक कोपरा द्या, फोटोसाठी तिला स्वतः यावंच लागतं, बाळ कुठे ठेवणार ती.

जाणाऱ्यांसाठी, सगळ्या कागदांची ओरिजिनल घेऊन जा, झेरॉक्स घरूनच काढून न्या, त्या टपरीवर काढू नका. फोटोला पांढरा शर्ट घालू नका, मागचा पडदा पांढरा आहे, डोकं तरंगताना दिसतं. टूल्स न्यायचे असतील तर त्याची यादी आणि परवानगी वेगळी असते, पास मिळाला म्हणजे स्क्रूड्रायव्हर खिशात टाकून आत जाता येतं असं समजू नका, गेटवर तपासणी पासवाल्यांचीही होते. सोमवारी सकाळी गर्दी असते, शुक्रवारी दुपारनंतर सगळ्या कंपन्यांना एकदम जाग येते, त्यामुळे मंगळवार-बुधवार बरा. दुपारी जेवणाच्या सुट्टीत टोकन बंद असतं पण पास जमा करायची खिडकी तेव्हाही उघडी असते.